आरोग्य-विचार : शस्त्रक्रिया गुडघ्याची, परीक्षा साऱ्या शरीराची

घरांतील वडील मंडळींपैकीं कोणाचा गुडघा किंवा खुब्याचा सांधा निकामी झाला, म्हणजे कुटुंबांत जी चर्चा सुरू होते तिचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम डॉक्टर कोणता, मग इस्पितळ कोणतें, मग सांधा देशी बसवावयाचा कीं परदेशी, आणि शेवटीं खर्च किती. या चारहि प्रश्नांचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्यावर शस्त्रक्रियेचें यशापयश फार मोठ्या प्रमाणांत अवलंबून असतें, तो पांचवा प्रश्न या चर्चेंत क्वचितच निघतो. तो असा कीं, ज्या शरीरांत हा नवा सांधा बसावयाचा, तें शरीर आज कोणत्या स्थितींत आहे?

ओल धरलेल्या भिंतींत उत्तम पितळी खुंटी ठोकली म्हणून ती टिकत नाहीं, हें घर सांभाळणाऱ्या कोणालाहि सांगावयास नको. शस्त्रवैद्याचें कौशल्य मोठें खरें. पण जखम भरून आणणें, हाड सांधणें, जंतूंना परतवून लावणें आणि दुबळ्या झालेल्या स्नायूंना पुन्हां कामास लावणें, हीं कामें शस्त्रवैद्याच्या हातचीं नव्हत. तीं रोग्याच्या शरीरानेंच करावयाचीं असतात. मधुमेह, रक्तक्षय, तंबाखू, निकृष्ट आहार, हृदयाचे व मूत्रपिंडाचे जुने विकार हे सारे या कामांत अडथळा आणणारे आहेत, आणि यांपैकीं पुष्कळांवर शस्त्रक्रियेपूर्वीं इलाज करतां येतो. म्हणूनच या महिन्यांत आम्हीं हा विषय घेतला आहे.

त्याला निमित्तहि तसेंच घडलें. नाशिकच्या एका वाचकांनीं आम्हांस लिहिलें आहे कीं, त्यांच्या मातोश्रींचे दोन्ही गुडघे झिजले असून शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. परंतु तपासणींत रक्तांतील साखर फार वाढलेली निघाली व रक्त कमी आढळलें, म्हणून डॉक्टरांनीं दोन-तीन महिने थांबावयास सांगितलें. घरांत आतां दोन तट पडले आहेत. धाकट्या बंधूंचें म्हणणें असें कीं डॉक्टर उगाच टाळाटाळ करीत आहेत, दुसऱ्या ठिकाणीं जाऊन काम उरकून घ्यावें. कारण मार्गशीर्षांत घरीं लग्नकार्य आहे आणि तोंपर्यंत आई हिंडती-फिरती झाली पाहिजे. "आपलें मत काय?" असें वाचक विचारतात. आमचें मत पुढें येईलच. पण तें पटावयाचें तर त्यामागचीं कारणें आधीं समजलीं पाहिजेत.

शास्त्राला ही जाणीव कशी झाली

रोग कोणता यापेक्षां रोगी कसा, हा विचार शस्त्रक्रियेच्या शास्त्रांत हळूहळू रुजला. १९४१ सालीं अमेरिकेंतील भूलतज्ज्ञ मेयर सॅक्लाड व त्यांचे सहकारी यांनीं शस्त्रक्रियेस येणाऱ्या रोग्यांची त्यांच्या शारीरिक अवस्थेवरून प्रतवारी करण्याची पद्धति मांडली. शस्त्रक्रिया लहान कीं मोठी हा प्रश्न बाजूस ठेवून केवळ रोग्याची प्रकृति तींत पहावयाची होती. ती पद्धति सुधारलेल्या स्वरूपांत आज जगभर चालते. आपल्या रोग्याच्या कागदांवर 'ए. एस. ए. दोन' किंवा 'ए. एस. ए. तीन' अशी नोंद दिसते ती हीच. पुढें १९८७ सालीं मेरी चार्लसन यांनीं रोग्याला जडलेल्या निरनिराळ्या जुन्या विकारांना गुण देऊन त्यांच्या बेरजेवरून पुढील धोक्याचा अंदाज बांधण्याची रीत प्रसिद्ध केली. तीहि अद्याप वापरांत आहे.

सांध्यांच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासांतून तर हा धडा फारच स्पष्ट मिळतो. इंग्लंडांत जॉन चार्नले यांनीं १९६२ सालीं धातूचा गोळा आणि पॉलिएथिलिनची वाटी असा खुब्याचा कृत्रिम सांधा बसविण्यास आरंभ केला. शस्त्रक्रिया उत्तम होत; पण प्रारंभीं कित्येक रोग्यांच्या सांध्यांत जंतु शिरून सारें मुसळ केरांत जाई. चार्नले यांनीं शस्त्रगृहांतील हवा गाळून घेण्याची व्यवस्था केली, पोषाख बदलले, आणि हें प्रमाण शेंकडा सात-नवांवरून सुमारें एकापर्यंत खालीं आणलें. म्हणजे बाहेरून येणाऱ्या जंतूंचा बराच बंदोबस्त झाला. जो धोका शिल्लक राहिला, त्याचा पुष्कळ भाग रोग्याच्या स्वतःच्या शरीरांत आहे, असें पुढील अभ्यासांनीं दाखविलें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. साध्या जखमेंत जंतु शिरले तर औषधानें बहुधा भागतें. पण धातूच्या सांध्यावर जंतु एकदां बसले, म्हणजे ते आपल्याभोंवतीं चिकट पापुद्रा तयार करितात, आणि त्या पापुद्र्याच्या आंत औषधाचा रिघाव होत नाहीं. मग सांधा पुन्हां उघडून धुवावा लागतो, कित्येकदां काढून टाकावा लागतो, आणि महिनोन् महिने औषधें देऊन मग नवा बसवावा लागतो. खर्च, वेदना व अंथरूण यांची त्यांत सीमा रहात नाहीं. दोन महिने थांबण्याची किंमत ठरवितांना तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत हें सारें घालावयाचें असतें.

साखर

२०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांत सुमारें दहा कोटि माणसांना मधुमेह आहे. म्हणजे प्रौढांत शेंकडा अकरांहून अधिक. गुडघे झिजण्याचें वय आणि मधुमेहाचें वय एकच असल्यानें दोहोंची गांठ वारंवार पडते. रक्तांत साखर फार असली म्हणजे जंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्यांतून जखमेला पोंचणारा रक्तपुरवठा उणा पडतो, आणि नव्या त्वचेची वीण कच्ची रहाते. मधुमेहामुळें पायांचीं बोटें बधिर झालीं असतील, तर चालण्याचा तोल सांवरणेंहि कठीण जातें.

यासाठीं केवळ सकाळची साखर पाहून भागत नाहीं. तांबड्या पेशींचें आयुष्य सुमारें एकशेंवीस दिवसांचें असतें, आणि तेवढ्या अवधींत त्यांना चिकटलेल्या साखरेवरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. हीच 'एचबीएवनसी' नांवाची तपासणी. हा आंकडा साडेसात ते आठ यांच्या खालीं आल्याशिवाय पुष्कळ शस्त्रवैद्य ठरवून करावयाची शस्त्रक्रिया करीत नाहींत. ही रेषा कांहीं ब्रह्मदेवानें आंखलेली नाहीं, व तिच्याविषयीं वैद्यांत मतभेद आहेत. पण नऊ-दहा आंकडा असतांना घाई करणें शहाणपणाचें नव्हे याबद्दल फारसा मतभेद नाहीं. लोहाची उणीव असलेल्या माणसांत हा आंकडा खऱ्यापेक्षां जास्त दिसूं शकतो. म्हणून साखर व रक्त यांचा विचार एकत्रच करावा.

साखर उतरवावयाची म्हणून रोग्याला उपाशी मात्र ठेवूं नये. तसेंच डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा नांवांच्या गोळ्या चालूं असतील, तर तें शस्त्रवैद्याला व भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगावें. या गोळ्या शस्त्रक्रियेच्या निदान तीन दिवस आधीं बंद करावयाच्या असतात. न केल्यास साखर बेताची दिसत असतांहि रक्तांत आम्ल सांचून रोगी अत्यवस्थ होण्याचा संभव असतो. बंद केव्हां करावयाच्या आणि त्याऐवजीं काय घ्यावयाचें, हें मात्र डॉक्टरांनींच ठरवावयाचें.

तंबाखू

"आमच्या घरांत असलें कांहीं नाहीं" हें उत्तर डॉक्टरांना पुष्कळदां मिळतें, आणि पुष्कळदां तें खरें नसतें. वडिलांची दुपारची सुपारी तंबाखूची असते. आजींची मिसरी तर कोणी व्यसनांत धरीतच नाहीं. निकोटिन रक्तवाहिन्यांना आंखडवितें. विडी-सिगारेटच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड रक्तांतील प्राणवायूची जागा अडवितो. जखमेला आणि हाडाला जें हवें तेंच अशा रीतीनें मिळेनासें होतें. कण्याचे मणके एकमेकांस जोडण्याच्या शस्त्रक्रियेंत धूम्रपान करणाऱ्यांचीं हाडें सांधत नाहींत, अशीं उदाहरणें अधिक आढळतात, तें याच कारणानें.

डेन्मार्कमध्यें झालेला आणि २००२ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतींत फार बोलका आहे. खुबा किंवा गुडघा बदलावयास आलेल्या १२० धूम्रपान करणाऱ्या रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला शस्त्रक्रियेच्या सहा ते आठ आठवडे आधींपासून धूम्रपान सोडण्यास किंवा निम्म्यावर आणण्यास मदत दिली. दुसऱ्याला नेहमींप्रमाणेंच ठेवलें. मदत न मिळालेल्या गटांत शेंकडा ५२ रोग्यांना कांहीं ना कांहीं उपद्रव झाला. मदत मिळालेल्या गटांत शेंकडा १८ जणांनाच. जखमेचे उपद्रव तर शेंकडा ३१ वरून ५ वर आले. सहा-आठ आठवड्यांच्या संयमाला एवढें फळ देणारें दुसरें औषध सहसां आढळत नाहीं. धूर न ओढतां तंबाखू चघळणाऱ्यांनीं किंवा मिसरी लावणाऱ्यांनींहि निश्चिंत राहूं नये, कारण निकोटिन तेंच असतें. ही गोष्ट चारचौघांत विचारल्यास वडील माणसें कबूल करणार नाहींत; घरांतील कोणी जवळच्या माणसानें एकान्तांत, मान राखून विचारावी, आणि डॉक्टरांपासून लपवूं नये.

रक्त आणि अन्न

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणें पुरुषाचें हिमोग्लोबिन १३ च्या खालीं व स्त्रीचें १२ च्या खालीं असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेंत बरेंच रक्त जातें. मुळांतच तें कमी असलेल्या रोग्याला बाहेरचें रक्त देण्याची पाळी अधिक वेळां येते, इस्पितळांतील मुक्काम वाढतो, आणि उठून चालण्याची उमेद रहात नाहीं. लोहाच्या गोळ्यांनीं रक्त वाढावयास आठवडे लागतात. म्हणून ही तपासणी आदल्या आठवड्यांत करून उपयोग नाहीं, महिना-दोन महिने आधीं केली पाहिजे.

रक्त कमी कां झालें याचाहि शोध घेतला पाहिजे. ज्या गुडघ्यासाठीं शस्त्रक्रिया करावयाची, त्याच गुडघ्याच्या दुखण्यापायीं रोगी वर्षानुवर्षें वेदनाशामक गोळ्या खात आलेला असतो. त्या गोळ्यांनीं जठराला व्रण पडून रक्त थेंबाथेंबानें झिरपत असण्याचा संभव असतो. मूत्रपिंडेंहि त्यांच्यामुळें दुखावतात. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत आणखी एक उणीव असते, ती ब-१२ या जीवनसत्त्वाची. तिनें रक्तहि कमी होतें आणि पाय बधिर होऊन चालहि डळमळते. या दोहोंवर साधे उपाय आहेत, पण उणीव आहे हें कळल्यावर.

आतां आहाराविषयीं. जखम भरणें आणि स्नायु वाढणें हें प्रथिनांचें काम आहे. रक्तांतील अल्ब्युमिन साडेतीनच्या खालीं असेल, तर जखम चिघळण्याचा व जंतु शिरण्याचा धोका वाढतो, असें अनेक पाहण्यांत दिसून आलें आहे. माणूस अंगानें भरलेला दिसला म्हणजे त्याचें पोषण झालेलें असतें असें मात्र नाहीं. स्थूल शरीरांतहि प्रथिनांचा दुष्काळ असूं शकतो. आजारांतून उठणाऱ्या वृद्धांना वजनाच्या दर किलोस दररोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनें लागतात, असें आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे साठ किलो वजनाच्या बाईंना रोज ७२ ते ९० ग्रॅम. आपल्या घरच्या आजींचें जेवण पहावें: सकाळचा चहा, दोन पोळ्या, मूठभर भात, वाटीभर पातळ वरण, रात्रीं थोडा ताकभात. हिशेब केला तर तीस-पस्तीस ग्रॅमांच्या पुढें तें जात नाहीं.

मग शाकाहारांत हें जमावयाचें कसें? जमतें. दोन पेले दूध सोळा ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरण चौदा, एक वाटी मुगाची किंवा मटकीची उसळ सात, पन्नास ग्रॅम पनीर नऊ, वाटीभर घट्ट दहीं सात, मूठभर दाणे सात, आणि तीन पोळ्या व भात यांतून बारा-तेरा. बेरीज सत्तरीच्या पुढें जाते. दांत नसतील तर मुगाचें धिरडें, पिठलें, दाण्याचें कूट घातलेली कोशिंबीर, सायीचें दहीं असे प्रकार करावेत. एका वेळीं जेवण जात नसेल तर दिवसांतून पांच वेळां थोडें थोडें द्यावें. मूत्रपिंडांचा विकार असणाऱ्यांनीं मात्र हें प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून वाढवूं नये.

उपवासांविषयीं आम्हांस स्पष्ट लिहिलें पाहिजे. एकादशी, चतुर्थी, सोमवार, शिवाय चातुर्मासांतील नेम असा हिशेब धरला तर कित्येक घरांत आठवड्यांतून दोन दिवस साबुदाण्यावर जातात. शंभर ग्रॅम साबुदाण्यांत अर्धा ग्रॅमहि प्रथिन नसतें. साखर मात्र तो झपाट्यानें वाढवितो. रोगी व अशक्त यांना उपवासांतून मोकळीक देण्याची आपली जुनी चाल आहे. शस्त्रक्रियेपूर्वींचे व नंतरचे दोन-दोन महिने ती मोकळीक घेण्यांत धर्माची हानि नाहीं. उपवास सोडवतच नसेल, तर त्या दिवशीं दूध, दहीं, दाणे, राजगिरा यांवर भर द्यावा.

वजन, हृदय आणि चालूं औषधें

फार वजन असलेल्या रोग्यांत जंतुदोष अधिक होतो. अमेरिकेंतील शस्त्रवैद्यांच्या एका समितीनें २०१३ सालीं अशी सूचना केली कीं, उंचीच्या मानानें काढलेला वजनाचा आंकडा ४० च्या वर असेल तर शस्त्रक्रिया लांबणीवर टाकण्याचा विचार करावा. पांच फूट उंचीच्या बाईंच्या बाबतींत हें वजन सुमारें ९३ किलो होतें. तथापि अन्न तोडून महिन्याभरांत वजन उतरविण्याचा खटाटोप करूं नये. त्यांत चरबीबरोबर स्नायूहि जातात.

हृदयाच्या रक्तवाहिनींत स्टेंट घातलेला असेल, तर ठरवून करावयाची शस्त्रक्रिया साधारणपणें सहा महिने ते वर्षभर पुढें ढकलतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून थांबवूं नयेत, आणि डॉक्टरांनीं थांबविण्यास सांगितल्यावर 'एखादी घेतल्यानें काय होतें' म्हणून घेऊंहि नयेत. आमवाताच्या रोग्यांची मेथोट्रेक्सेट ही गोळी बहुधा चालूंच ठेवितात. पण जैविक औषधांच्या इंजेक्शनांचा काळ पाहून शस्त्रक्रियेची तारीख बसवावी लागते. पुष्कळ काळ स्टिरॉइड घेणाऱ्यानें तें एकाएकीं सोडणें धोक्याचें असतें. वातावर रामबाण म्हणून विकल्या जाणाऱ्या निनांवी चूर्णांत स्टिरॉइड मिसळलेलें आढळल्याचीं उदाहरणें आहेत. म्हणून घरांत जें जें पोटांत जातें, मग तें काढा असो, चूर्ण असो वा गोळी, त्याची यादी करून डॉक्टरांपुढें ठेवावी.

लपून बसलेले जंतूहि शोधावे लागतात. किडलेली दाढ, पायांच्या बोटांतील चिखल्या, गळूं, लघवीचा दाह हे सारे आधीं बरे करून घ्यावेत. गुडघ्यांत स्टिरॉइडचें इंजेक्शन घेतलें असेल, तर त्यानंतर निदान तीन महिने तोच सांधा बदलूं नये, असें आतां मानतात. हॉलंडमध्यें झालेल्या व २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, ज्यांच्या नाकांत विशिष्ट जंतु वसतीला आहेत त्यांना आधींच शोधून नाकांत मलम व अंघोळीस जंतुनाशक साबण दिला, तर त्या जंतूंचा इस्पितळांत होणारा संसर्ग शेंकडा ७.७ वरून ३.४ वर येतो. एवढ्याशा मलमानें निम्मा धोका टळतो हें पाहून कोणासहि आश्चर्य वाटेल.

जेथें थांबावयाचें नसतें

येथवर आम्हीं थांबण्याची महती गाइली. पण हा उपदेश एका ठिकाणीं मुळींच लागू नाहीं, आणि तेथें तो लावला तर प्राणाशीं गांठ पडते. तें ठिकाण म्हणजे वृद्ध माणसाच्या खुब्याजवळचें मोडलेलें हाड.

ऐंशी वर्षांच्या आजी मोरीत पाय घसरून पडतात, खुब्याचें हाड मोडतें, आणि घरांत विचार सुरू होतो: या वयांत आतां कशाला चिरफाड? साखर आहे, रक्तदाब आहे, निजूं द्यावें स्वस्थ. या बोलण्यांत माया असते, यांत शंका नाहीं. पण निजून राहिलेल्या वृद्ध शरीराचें काय होतें तें पहावें. पाठीला व्रण पडतात, छातींत कफ साचून ज्वर येतो, पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि थोडेंहि हलविलें तरी असह्य कळा येतात. शस्त्रक्रिया करूनहि अशा रोग्यांपैकीं शेंकडा वीस-तीस वर्षाच्या आंत दगावतात, असें निरनिराळ्या देशांच्या नोंदी सांगतात. न करतां तर आशा त्याहून पुष्कळच कमी. म्हणून ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य-संस्थेनें २०११ सालीं असा दंडक घातला कीं, रोगी आला त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं शस्त्रक्रिया व्हावी. सतरा देशांतील २,९७० रोग्यांवर झालेला एक मोठा प्रयोग २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सहा तासांच्या आंत शस्त्रक्रिया करण्याचा यत्न केल्यानें मृत्यूंचें प्रमाण बदललें नाहीं. पण मनाचा भ्रम व लघवीचा संसर्ग कमी झाला, आणि रोगी लवकर उभे राहिले. साखर, रक्तदाब, रक्तांतील क्षार यांचा बंदोबस्त येथेंहि करावयाचाच असतो. पण तो तासांत करावयाचा, महिन्यांत नव्हे.

अशा रोग्यांना हाडांच्या वैद्याबरोबर वृद्धांचे विकार जाणणारा वैद्यहि पहिल्या दिवसापासून हवा, ही कल्पना इंग्लंडांत हेस्टिंग्ज येथें मायकेल डेव्हास व रॉबर्ट आयर्विन यांनीं प्रथम रुजविली. नॉर्वेंतील ट्रॉन्डहाइम येथें ३९७ रोग्यांवर झालेल्या व २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगानें तिचें समर्थन केलें. सर्वांगीण वृद्धसेवा मिळालेले रोगी चार महिन्यांनंतर इतरांपेक्षां अधिक चांगले चालत होते. आपल्याकडे अशी जोड सर्वत्र नाहीं. परंतु नेहमींच्या वैद्याला किंवा औषधोपचार-तज्ज्ञाला बोलवा असा आग्रह घरच्या मंडळींनीं धरण्यास कांहींच हरकत नाहीं.

शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन रात्रींत आजी एकदम असंबद्ध बोलूं लागतात, घरच्यांना ओळखीत नाहींत, नळ्या ओढूं पहातात. यास वेड समजून घाबरूं नये, आणि झोपेच्या गोळीचा हट्टहि धरूं नये. हा भ्रम आहे, आणि बहुधा तो ओसरतो. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या एका प्रयोगांत खुबा मोडलेल्या १२६ रोग्यांपैकीं निम्म्यांवर वृद्धरोग-तज्ज्ञानें दररोज लक्ष ठेवलें; त्यांच्यांत भ्रमाचें प्रमाण शेंकडा ३२ होतें, इतरांत ५०. उपाय साधे असतात: वेदना ताब्यांत ठेवणें, पाणी पाजणें, मलावरोध न होऊं देणें, चष्मा व कर्णयंत्र हातीं देणें, दिवसा उजेड व रात्रीं शांतता राखणें, आणि ओळखीचा चेहरा उशाशीं असणें. हें शेवटचें औषध एकत्र कुटुंबाजवळ जितकें आहे तितकें जगांतील कोणत्याहि इस्पितळाजवळ नाहीं. पाळ्या लावून बसावें. पण एका वेळीं एकानेंच बसावें, दहाजणांनीं मिळून नव्हे.

एकदां मोडलेलें हाड म्हणजे हाडें ठिसूळ झाल्याची सूचना होय. जखम भरली कीं प्रकरण संपलें असें समजूं नये. हाडांची घनता, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांचा विचार करून पुढील औषध सुरू केलें नाहीं, तर दुसरा खुबा मोडण्याची भीति कायम रहाते.

घरच्या मंडळींनीं काय करावें

पत्रलेखकांच्या प्रश्नाचें उत्तर आतां निराळें द्यावयास नको. गुडघ्याचें दुखणें वर्षानुवर्षांचें आहे. आणखी दोन-तीन महिन्यांनीं तें हाताबाहेर जावयाचें नाहीं. साखर ताब्यांत आणावी, रक्त कां उणें झालें तें शोधावें, प्रथिनें वाढवावीं, आणि तेवढ्या काळांत मांडीचे स्नायु बळकट करण्याचे व्यायाम शिकून घ्यावेत. ते शस्त्रक्रियेनंतरहि करावयाचेच असतात. दुसऱ्या ठिकाणीं जाऊन तारीख मिळविणें अशक्य नाहीं. पण तारीख मिळाली म्हणून साखर उतरत नाहीं. ज्या डॉक्टरांनीं हातची शस्त्रक्रिया पुढें ढकलली, त्यांनीं टाळाटाळ केली असें न मानतां त्यांचे आभारच मानावेत. लग्नांत आई खुर्चीवर बसल्या तरी चालेल. अक्षता बसूनहि टाकतां येतात.

मात्र थांबणें म्हणजे नुसतेंच स्वस्थ बसणें नव्हे. तीन महिने गेले आणि साखर होती तेथेंच राहिली, तर मधला काळ फुकट गेला. यासाठीं घरांतील एका माणसानें ही जबाबदारी अंगावर घ्यावी. एक वही करावी. तींत औषधें, साखरेचे आंकडे, हिमोग्लोबिन, वजन आणि डॉक्टरांच्या सूचना लिहाव्यात, आणि पुढची तपासणी केव्हां तें ठरवून घ्यावें. तोंपर्यंत खालचें अंथरूण पलंगावर न्यावें, जेवणासाठीं पाटाऐवजीं खुर्ची द्यावी, मोरींत धरावयास दांडा व पायाखालीं खरखरीत फरशी बसवावी, कमोडाची सोय करावी.

आणखी एक गोष्ट. या सर्व खटपटींत जिचा गुडघा तिला, आणि जी शुश्रूषा करणार त्या सूनबाईला, बहुधा कोणी विचारीतच नाहीं. निर्णय दिवाणखान्यांत पुरुष मंडळींत होतो व तो स्वयंपाकघरांत कळविला जातो. आजी आपलें दुखणें कमी करून सांगतात, कारण मुलांना खर्च नको. मिसरी लपवितात, कारण लाज वाटते. उपवास मोडीत नाहींत, कारण विचारणारें कोणी नसतें. रोग्याच्या प्रकृतीची खरी माहिती ज्यांच्यापाशीं असते त्यांचाच शब्द या चर्चेंत नसला, तर डॉक्टरांच्या हातीं अपुरा कागद पडतो आणि त्यावर तोडलेला निर्णयहि अपुरा ठरतो. डॉक्टरांच्या भेटीस जातांना मुलानें जावें तसें सुनेनेंहि जावें. आणि थांबावयाचें कीं नाहीं, शस्त्रक्रिया करावयाची कीं नाहीं, हें प्रथम आजींना, त्यांच्याशीं बसून, त्यांना समजेल अशा शब्दांत विचारावें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा प्रसंग येऊं घातला असेल, त्यांनीं तारीख ठरविण्यापूर्वीं एवढें केलें तरी या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.